नाल्यावरचा जुना पूल बदलताना या चुका टाळा, नाहीतर खालचं पाणी मरतं

पुलाच्या साइटवर सकाळी पोचलो की मी आधी पाण्याचा रंग बघतो. पुलाच्या वरच्या अंगाला उभं राहून एकदा आणि खालच्या अंगाला पन्नास-साठ पावलं जाऊन एकदा. दोन्हीकडचं पाणी सारखं दिसलं तर रात्रपाळी बरी गेली असं समजायचं. खाली पांढुरकं, मातकट किंवा काळं दिसलं तर रात्री काहीतरी चुकलंय आणि ते कुठे चुकलं ते शोधायला चहाच्याही आधी लागायचं.

मुंबईच्या उपनगरांत नाल्यांवरचे आणि नद्यांवरचे जुने पूल एकामागून एक पाडून नवे बांधले जात आहेत. ते व्हायलाच हवं. पण या कामांत पाणी खराब होतं ते बहुतेक वेळा मोठ्या अपघातामुळे नाही. रोजच्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या सवयींमुळे होतं. त्या सवयी मी स्वतः पाहिल्या आहेत, काही माझ्याच देखरेखीखाली घडल्या आहेत.

"हा तर गटारनाला, याला काय जपायचं?"

सगळ्या चुकांचं मूळ या एका वाक्यात आहे. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या चार नद्यांना आपण बोलताना सहज नाला म्हणतो. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून सुरू होऊन माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर नदी तुळशी तलावाकडून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उतरते. उद्यानात तिच्या तळाचे दगड मोजता येतात आणि दगडाखाली खेकडे सापडतात. बाहेर पडल्यावर वस्तीचं सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण मिसळत जातं आणि तीच नदी काळी होते.

पाणी आधीच घाण आहे म्हणून त्यात थोडं आणखी गेलं तर काय बिघडलं, हा हिशेब उलटा आहे. सांडपाण्याने भरलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच तळाला गेलेला असतो. त्यात तळचा गाळ ढवळला की उरलासुरलाही संपतो. शिवाय सांडपाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, सातच्या आसपास असतो. सिमेंटचं पाणी बारा-तेराच्या घरात जातं, आणि या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापट असते. म्हणजे आपण त्या पाण्यात जे घालतो ते त्यात आधी नव्हतंच. हे सगळं वाहत जातं ते खाडीच्या तोंडाशी, जिथे निवट्या आणि चिंबोऱ्या कांदळवनाच्या चिखलात राहतात आणि कोळीवाड्यातल्या बायका तेच पकडून घर चालवतात.

याच मानसिकतेतून पुढची चूक होते: काम सुरू होण्याआधीचं पाणी कोणी तपासत नाही. काँक्रीट फोडणारा पहिला ब्रेकर लागण्याआधी, पाऊस नसलेल्या दिवशी, ओहोटीच्या वेळी पुलाच्या वर आणि खाली नमुने घ्या. फोटो काढा, त्यावर तारीख-वेळ येऊ द्या. हे नसेल तर पुढे तक्रार आल्यावर "आधीपासूनच असं होतं" म्हणायला तुमच्याकडे पुरावा नाही, आणि खरंच आपल्यामुळे बिघडलं असेल तर ते तुम्हालाही कळणार नाही.

पंपाचं तोंड सरळ नाल्यात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पायासाठी खड्डा खणला की त्यात पाणी भरतं. मग पंप लागतो आणि पाइपाचं दुसरं टोक सवयीने नाल्यात सोडलं जातं. खड्ड्यातलं पाणी म्हणजे माती, पोकलेनचं सांडलेलं तेल आणि काँक्रीट झालं असेल तर सिमेंट. कोणीतरी टोकलं की एक पत्र्याची टाकी आणून ठेवतात आणि पाणी टाकीतून नाल्यात जातं. कागदोपत्री गाळ बसवण्याची टाकी झाली. पण आकडा मांडून बघा. मिनिटाला १००० लिटर फेकणारा पंप असेल आणि टाकी १०,००० लिटरची असेल, तर पाणी टाकीत जेमतेम १० मिनिटं थांबतं. तेवढ्यात वाळू बसते. चिकणमाती बसत नाही.

टाकी किती मोठी लागेल हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची पारदर्शक बाटली घ्या, खड्ड्यातलं पाणी भरा, हलवा आणि टेबलावर ठेवा. वाळू मिनिटभरात खाली जाते. वरचं पाणी निवळायला दोन तास लागले तर तुमच्या टाकीतही पाणी किमान तेवढं थांबलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही बाटली गढूळच राहिली, तर नुसत्या टाकीने भागणार नाही. टाकीच्या तोंडाला जिओटेक्स्टाइलची, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या जाड कृत्रिम कापडाची, गाळणी पिशवी बांधावी लागेल किंवा पाणी टँकरने हलवावं लागेल. सर्वसाधारण मर्यादा लक्षात ठेवा: नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत आणि पीएच ५.५ ते ९ यांच्या मध्ये. परवानगीत याहून कडक अट असेल तर ती पाळायची.

पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, खड्ड्याच्या तळाला टेकवू नका. कोपऱ्यात एक छोटा सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा खळगा, खणा, त्यात भोकं पाडलेला ड्रम ठेवा, भोवती खडी भरा आणि पंप त्या ड्रममध्ये सोडा. एवढ्यानेही बाहेर पडणारी माती डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते.

पाइलिंगमध्ये, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात पायाचे काँक्रीटचे खांब (पाइल) ओतताना, हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडते. भोक कोसळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट या चिकण मातीचं पाणी भरतात आणि ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीने, खालून काँक्रीट चढवलं की ते सगळं वर येतं. १ मीटर व्यासाचा, १५ मीटर खोल पाइल भरताना जवळपास १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर लगदा बाहेर येतो. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत आणि लगद्याची टाकी आधीच भरलेली आहे, अशी वेळ आली की रात्री दोन वाजता निर्णय एकच होतो: लगदा नाल्यात. म्हणून पाइल ओतायच्या परवानगीच्या कागदावर "रिकामी टाकी किती घनमीटर?" हा रकाना ठेवा. तो भरल्याशिवाय गाडी मागवायची नाही.

मिक्सर धुवायला जागाच न देणं

पश्चिम उपनगरातल्या एका नाल्यावरच्या कामात स्लॅबचं काँक्रीट संपलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. शेवटच्या ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रायव्हरने काठावर गाडी लावली आणि काँक्रीट ओतायच्या पन्हाळीवर पाइप सोडला. दुधासारखं पाणी उतारावरून नाल्यात जायला लागलं. मी खिशातली पीएचची पट्टी बुडवली. ती गडद जांभळी झाली, म्हणजे बारा. मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जागा दाखवा, तिथं धुतो. न धुता गेलो तर प्लांटला पोचेपर्यंत पन्हाळीत दगड होईल."

त्याचं बरोबर होतं. जागा आम्ही केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी काठापासून लांब, रस्त्याच्या बाजूला खड्डा खणला, जाड प्लास्टिक अंथरलं, गोण्यांनी कडा उचलल्या आणि मराठी-हिंदीत बोर्ड लावला. खड्ड्यात उरलेलं काँक्रीट घट्ट झालं की ते फोडून राडारोड्यात जातं आणि वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरता येतं. पावसाची शक्यता असेल तर खड्ड्यावर ताडपत्री हवी, नाहीतर एका सरीत तो भरून वाहतो. पाणी नाल्यात सोडायचंच असेल तर पीएच खाली आणल्याशिवाय नाही. त्यासाठी गोदामातलं तीव्र ॲसिड ओतण्याचा मोह होतो, तो टाळा. हात भाजतात आणि पीएच एकदम दुसऱ्या टोकाला जातो. कार्बन डायऑक्साइड वायू सोडणं सुरक्षित, कारण जास्त झाला तरी पाणी फार आम्ल होत नाही.

पाडताना खाली काहीच न बांधणं

जुना स्लॅब ब्रेकरने फोडला की तुकडे, धूळ आणि सळयांचा गंज थेट पात्रात पडतो. "नंतर पोकलेनने उचलू" म्हणतात. मोठे तुकडे उचलले जातात, चुरा राहतो, आणि उचलताना तळचा गाळ ढवळतो तो वेगळाच. पात्रावर आधी मचाण आणि ताडपत्रीचा पाळणा बांधा. वायर सॉने, म्हणजे तारेच्या करवतीने, कापत असाल तर कापणी थंड ठेवायला जे पाणी वापरतात त्याचा करडा लगदा होतो आणि त्याचा पीएचही सिमेंटसारखाच चढा असतो. तो गोळा करायला सक्शन मशीन लागतं. लोखंडी गर्डर असतील तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः शेंदरी प्रायमरमध्ये. गॅस कटर लावण्याआधी रंगाचा नमुना तपासून घ्या. राडारोडा दहिसर किंवा डायघरच्या प्रक्रिया केंद्राकडे गेल्याची पावती रोज फाइलला लावा. रात्री निघालेला डंपर दुसऱ्या कुठल्या तरी नाल्याच्या काठावर रिकामा झाला, तर आपण वाचवलेल्या पाण्याला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. मुंबईतल्या जवळपास प्रत्येक जुन्या पुलाला पाइप लटकलेले असतात. पाण्याचे, गॅसचे, केबलचे आणि कधी मलवाहिनीचे. मलवाहिनी आधी वळवली नाही आणि तिला ब्रेकर लागला तर एका तासात नाल्यात जे जातं ते महिन्याच्या गाळण्यांनी भरून निघत नाही. संबंधित विभागाच्या माणसाला प्रत्यक्ष साइटवर बोलावून पाइपांवर रंगाने खुणा करून घ्या.

भरती विसरणं

बाहेरगावच्या कामांचा अनुभव घेऊन आलेले इंजिनिअर इथे फसतात. पाणी वरून येतं असं धरून फक्त वरच्या अंगाला गोण्यांचा बांध घालतात. खाडीजवळच्या पात्रात पाणी दिवसातून दोनदा खालूनही चढतं. माहीम आणि बांद्र्याच्या मध्ये मिठीवरचा रेल्वेचा जुना पूल ओतीव लोखंडाच्या स्क्रू पाइलांवर, म्हणजे स्क्रूसारख्या तळात फिरवून बसवलेल्या खांबांवर, उभा होता. पश्चिम रेल्वेने जानेवारी २०२५ मध्ये रात्रीचे लांब ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून, तिथे काम केलं. अशा ठिकाणी बांध दोन्ही बाजूंनी लागतो आणि त्याची उंची उधाणाच्या भरतीवरून ठरवावी लागते. कोळी बांधव ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीत पाण्यातली कामं ठेवा. अमावास्या-पौर्णिमेला नको. गाळ अडवणारा तरंगता पडदाही संथ पाण्यातच टिकतो. ओहोटीच्या ओढीत तो फाटतो आणि मग कांदळवनाच्या मुळांत अडकून बसतो. कांदळवन असलेल्या जागी सार्वजनिक प्रकल्पालाही उच्च न्यायालयाची परवानगी लागते, हे निविदा काढतानाच वेळापत्रकात धरा.

जूनच्या भरवशावर मे महिना

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणून पात्रातला भराव ३१ मेपर्यंत काढायचा बेत असतो. २०२५ साली तो २६ मेलाच आला. पात्रात पाणी वळवायला टाकलेले ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे नळ) प्लास्टिकने तुंबले की भरावच धरण होतं. मग भराव वाहून जातो तो सगळा गाळ घेऊन, आणि वरच्या वस्तीत पाणी शिरतं ते वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा अडलेली पात्रं काय करतात ते या शहराने पाहिलं आहे. पात्रातलं सगळं १५ मेपर्यंत बाहेर काढा. उरलेलं काम दिवाळीनंतर घ्या.

रंग बिघडलेला दिसला तर

दुधाळ पांढरं दिसलं तर आधी पट्टी बुडवा. बाराकडे गेली तर सिमेंट आहे. काँक्रीट थांबवा आणि धुण्याची जागा, कापणी, ट्रेमी या क्रमाने शोधा. करडं-मातकट आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर बेंटोनाइट. टाकीची कड किंवा गळणारी नळी बघा. तपकिरी असेल तर पंप किंवा उघडी पडलेली उताराची माती. काळं आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास असेल तर तळचा गाळ ढवळला गेलाय किंवा मलवाहिनी फुटलीय. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर काम लगेच थांबवा, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. इंद्रधनुषी तवंग असेल तर डिझेल किंवा शटरिंगचं तेल. शोषून घेणारे पॅड आणि भुशाच्या गोण्या काठावरच तयार हव्यात, गोदामात कुलपात नकोत. तवंगावर साबणाचं पाणी मारू नका. तेल दिसेनासं होतं, पण ते पाण्यात मिसळतं.

बांध काढताना घाई

पूल उभा राहिला की सगळ्यांचं लक्ष उद्घाटनाकडे जातं आणि पोकलेन एका दमात बांध फोडतो. आत साठलेला गाळ एकाच लोटात खाली जातो. आधी आतला गाळ उपसून घ्या, मग एका कोपऱ्यातून हळूहळू पाणी आत घेऊन दोन्हीकडची पातळी सारखी करा, मंद भरतीच्या दिवशी बांध थराथराने उचला. प्लास्टिकच्या गोण्या लावताना मोजलेल्या असतात, काढतानाही मोजा. लावताना ४१० होत्या आणि ट्रकात ३८५ चढल्या असतील, तर उरलेल्या पंचवीस अजून पात्रात आहेत. ओहोटी लागली की माणसं खाली उतरवून त्या शोधून काढा.