आजीची हनुवटी

शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्मरणचित्रात मी बसथांबा काढला होता. रांगेतली बहुतेक माणसं पाठमोरी, आणि जी एक-दोन समोर तोंड करून होती त्यांचे हात खिशात. चेहरा आणि हात टाळायची ही युक्ती तेव्हा चालून गेली, ग्रेडही मिळाली. पुढे 29व्या वर्षी, मुंबईत फोर्टात नोकरी करताना, मला आजीचं चित्र काढावंसं वाटलं. ते मात्र पाठमोरं काढून भागणार नव्हतं.

पहिलं चित्र बघून आई म्हणाली, "ही कोण रे?" पापण्या, सुरकुत्या, कुंकू सगळं मन लावून काढलं होतं. पण डोळे फार वर गेले होते. नवीन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे जातात. आपलं लक्ष असतं डोळे, नाक, तोंड यांच्याकडे. वरचं कपाळ आणि केसांखालची कवटी मन मोजतच नाही, म्हणून कागदावर ती आखडते. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. आरशासमोर उभं राहून, हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या. एकदा स्वतः मोजल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही.

बाकीची प्रमाणंही आधी पाठ करावीत असं माझं मत आहे. समोरून पाहिलं तर डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याची जागा. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. उभा माणूस सात ते साडेसात डोकी उंच, आणि उंचीचा मध्य बेंबीवर नाही, जांघेपाशी. तळहात चेहऱ्यावर ठेवून पाहा, हनुवटीपासून कपाळापर्यंत पोचतो. सुरुवातीला आपण हात फार लहान काढतो, ते या एका मापाने सुधारतं.

हे सगळं शिकून मी आजीला पुन्हा बसवलं. माप चोख आलं, चेहरा बांधेसूद आला, आणि तरी ती आजी नव्हती. कोणीतरी पन्नाशीची बाई होती. रविवारच्या चित्रकलेच्या वर्गातल्या सरांनी चित्र पाहून एकच प्रश्न विचारला, "आजींना दात आहेत का?" नव्हते. घरी ती कवळी काढून ठेवते. दात गेले की नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आटतं, ओठ आत जातात, हनुवटी नाकाकडे वर येते. म्हणजे माझ्या आजीचे डोळे मध्यावर नाहीतच, थोडे खाली आहेत. मी नियम काढला होता, आजी नाही.

तेव्हापासून मी प्रमाणांकडे निराळ्या नजरेने बघतो. नियम हा सरासरी माणूस. समोरचा माणूस त्या सरासरीपासून कुठे सुटतो, ते अंतर शोधायचं. ओळख त्या अंतरात असते. पापण्या अगदी शेवटी काढल्या तरी चालतात. आधी डोक्याचा आकार, मग डोळ्याच्या खोबणीची, नाकाखालची, गालाखालची सावली, तीही डोळे किलकिले करून, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि मोठे आकार उरतात. मधूनच चित्र आरशात बघा. वाकडं झालेलं तोंड, खाली उतरलेला एक डोळा आरशात लगेच दिसतो.

माणसाची आकृती मी गाडीत शिकलो. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडतो, बसायला मिळालं तर तास-सव्वा तास सरावाला मिळतो. एक छोटी वही आणि बॉलपेन. पेन यासाठी की खोडत बसता येत नाही. दोन स्टेशनांमधल्या दोन-तीन मिनिटांत एक माणूस. पहिली रेघ डोक्यातून पाठीच्या कण्यातून पायापर्यंत, मग खांद्यांचा आणि कमरेचा उतार, मग वेळ उरला तर बाकीचं. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाची त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. गळ्याची खाच भाराच्या पायावर सरळ रेषेत येते. ही रेषा चुकली की चित्रातला माणूस पडायला लागतो. कडीला लोंबकळणाऱ्याला मात्र हे लागू नाही, त्याचा भार हातावर असतो. झोपलेला प्रवासी तर उत्तम गुरू. मान खाली गेली की कपाळ मोठं होतं, डोळे खाली सरकतात आणि कान डोळ्यांच्या वर दिसू लागतात. खाली झुकलेलं डोकं वर्गात कितीही समजावलं तरी मला कळलं नव्हतं.

अनोळखी माणसाचं चित्र काढताना त्याचा मान राखा. कोणी अवघडलं तर थांबा, विचारलं तर वही पुढे करा. ओळखू येणारे चेहरे मी कुठेही टाकत नाही.

जेवणाच्या सुट्टीत हुतात्मा चौकात जातो. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, आणि जवळच बसलेले दादाभाई नौरोजी. पुतळे हलत नाहीत, त्यामुळे बसलेल्या माणसाची मांडी समोरून किती आखूड दिसते ते सावकाश मोजता येतं. जुन्या मुंबईची माणसं पाहायची असतील तर म. वि. धुरंधर (1867–1944) यांची चित्रं शोधा. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवत राहिले. त्यांनी पोस्टकार्डांसाठी काढलेल्या माणसांचा चेहरा झाकला, तरी नुसत्या उभं राहण्यावरून कोण काय काम करतं याचा अंदाज येतो.

सामानावर फार खर्च नको. 2बी आणि 6बी पेन्सिल (आकडा मोठा तशी शिसं मऊ आणि काळं), कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, आणि सरावाला पाठकोरे कागदांचा गठ्ठा.

सध्या मी हातांवर आहे. बोटं एकेक काढू नका, आधी पंजाची चौकट, मग चार बोटांचा मिळून एकच पंखा, अंगठा वेगळा. आजी संध्याकाळी शेंगा सोलायला बसते तेव्हा तिच्याजवळ बसतो. कालच्या पानावर बारा हात आहेत. त्यातले दोन तिने स्वतःचे म्हणून ओळखले.