फवारणी पंप, ग्रास कटर, जनरेटर: पेट्रोल शिळं करणाऱ्या या चुका टाळा

पऱ्हाटीवर पहिली फवारणी काढायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, प्लग पुसून पुन्हा बसवला जातो, आणि शेवटी पंप मोटरसायकलला बांधून तालुक्याला न्यावा लागतो. मिस्त्री कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उघडतो, साफ करतो, पैसे घेतो. जुलैत त्याच्या दुकानात असे पंप रांगेनं पडलेले असतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं: मागचा हंगाम संपल्यावर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल. त्यात फवारणीचे दोन-चार मोलाचे दिवस जातात, तोवर अळी थांबत नाही. हे जवळजवळ बिनखर्चात टाळता येतं.

पेट्रोल खराब होतं, हेच मुळात अनेकांना पटत नाही. डिझेल त्या मानानं टिकतं, म्हणून पेट्रोलही टिकत असेल असं वाटतं. पण पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले ब्युटेन, पेंटेनसारखे हलके घटक सगळ्यात आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पहिल्या झटक्यात पेट घेतं ते याच घटकांमुळे. मागे उरलेल्या पेट्रोलवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते आणि चिकट गम तयार होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटचं बारीक भोक बुजायला तो थोडासाही पुरतो. उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्यानं होते. आता आपली यंत्रं बंद पडून असतात तो काळ बघा. कापसाचा हंगाम आटोपल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत, म्हणजे अख्खा उन्हाळा. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं. पेट्रोल तीन ते सहा महिने टिकतं असं जे सांगतात, ते थंड जागी घट्ट बंद डब्यात ठेवलेल्या पेट्रोलबद्दल. आपल्या कोठ्यातल्या अर्ध्या टाकीला तो हिशेब लागू नाही.

त्यात आता इथेनॉल आलं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात मिळू लागलं आणि आता बहुतेक पेट्रोल पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात सामावून घेतं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या यंत्रात हे फारच वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि तळाच्या थरात वंगण जवळजवळ नसतं. असं इंजिन सुरू झालंच तर पिस्टन जाम होऊन धरून बसण्याची भीती असते. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यानं त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमताही, घसरते. शिवाय जुन्या यंत्रांतले कार्बोरेटरचे रबरी पडदे, नळ्या आणि प्रायमरचा (हातानं दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.

हंगाम संपल्यावर टाकी तशीच ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. शेवटची फवारणी झाली की पंप धुऊन खुंटीला टांगला जातो. औषधाची टाकी धुतली जाते, पेट्रोलची टाकी कोणी बघत नाही. करायचं इतकंच: उरलेलं पेट्रोल डब्यात काढा, मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्रायमरचा फुगा असेल तर तो दाबून पुन्हा सुरू करून बघा. थोडं उरलेलं असेल तर तेही जळून जाईल. टाकी नुसती ओतून रिकामी करून भागत नाही. कार्बोरेटरमध्ये चमचाभर राहतं आणि उन्हाळ्यात तेच सुकून जेट बुजवतं.

जनरेटरला पेट्रोलचा कॉक असतो. काम संपल्यावर स्विचनं बंद करण्याऐवजी कॉक बंद करा आणि जनरेटर आपोआप थांबू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. बहुतेक कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा बोल्ट असतो. तो सैल करून राहिलेले थेंबही काढता येतात. ही सवय लग्नकार्यापुरताच बाहेर निघणाऱ्या जनरेटरला नवं आयुष्य देते.

टाकी लोखंडी आणि मोठी असेल तर मात्र एक अडचण येते. रिकाम्या टाकीत पावसाळी हवेनं आतून गंज धरतो. अशी टाकी ताज्या पेट्रोलनं गळ्यापर्यंत भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध, घालणं बरं. मग दहा-पंधरा मिनिटं यंत्र चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. स्टॅबिलायझर पेट्रोल ताजं असतानाच घालायचं असतं. शिळ्या पेट्रोलला ते ताजं करत नाही, आणि लोक नेमकं यंत्र बंद पडल्यावर बाटली आणतात.

अर्धी टाकी हा सगळ्यात वाईट पर्याय. वरच्या मोकळ्या जागेतली हवा दिवसा तापून बाहेर जाते, रात्री थंड होऊन नवी दमट हवा आत येते, आणि हे रोज चालतं.

पाण्याच्या बाटलीत किंवा औषधाच्या कॅनमध्ये पेट्रोल ठेवणं

पातळ प्लास्टिक पेट्रोलमुळे फुगतं आणि झाकणातून हलके घटक उडत राहतात. कीटकनाशकाच्या धुतलेल्या कॅनमध्ये अंश उरतोच, तो कार्बोरेटरमध्ये जातो. आणि पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल वावरात तहानलेलं लेकरू किंवा मजूर तोंडाला लावू शकतो. एवढ्या एका कारणासाठी तरी ही सवय आजच सोडा.

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं, पण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात असेल तर ते एका लिटरपेक्षा मोठं नको, आणि धातूच्या भांड्यात असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. झाकण घट्ट हवं. म्हणजे पाच लिटरचा चांगला धातूचा कॅन हा कायद्यातही बसणारा आणि पेट्रोलही टिकवणारा उपाय आहे. तो चुलीपासून दूर, सावलीत, जिथे माणसं झोपत नाहीत अशा जागी ठेवा. कॅनवर खडूनं किंवा पट्टी चिकटवून भरल्याची तारीख लिहा.

हंगामभराचं मिश्रण एकदम करून ठेवणं

टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण यंत्राच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत असतं: २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. मिसळलेलं पेट्रोल साधारण महिन्याभरात संपवा, असं यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याच सांगतात. तरीही पाच लिटरचा कॅन भरून ठेवला जातो, कारण पेट्रोल पंप लांब असतो. त्यापेक्षा पेट्रोल कोरं आणा आणि आठवड्यापुरतंच मिसळा. फोर-स्ट्रोक पंपात ऑइल वेगळं भरायचं असतं, त्याच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. सालदार नवा असेल तर हे त्याला दाखवूनच द्या.

दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवणं

हे काळजीपोटी केलं जातं, पण पाच मिनिटांत इंजिन पूर्ण तापत नाही, जळण्यातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. अंगणात उभ्या असलेल्या जुन्या पेट्रोल कारलाही हेच लागू आहे. घरात इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार आल्यापासून अशा गाड्या वाढल्या आहेत. त्यांना आठ-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्या, नाहीतर मुळीच सुरू करू नका.

इथे एका गाडीचं उदाहरण उपयोगी आहे. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आलेली शेवरोले व्होल्ट बॅटरीवर चालते आणि बॅटरी संपली की पेट्रोल इंजिन मदतीला येतं. रोज थोडंच फिरणारा माणूस महिनोन्‌महिने पेट्रोल वापरत नाही. म्हणून तिची टाकी हवाबंद आणि दाबाखाली आहे. इंजिन सुमारे सहा आठवडे चाललं नाही तर गाडी ते थोडा वेळ चालवते. टाकीतल्या पेट्रोलचं सरासरी वय वर्षभर झालं की गाडी ते जाळून टाकते, म्हणजे मालकाला ताजं भरावंच लागतं. ही गाडी आपल्याकडे विक्रीला आली नाही, पण तिची रीत आपल्या पंपालाही चालते: थोडं भरा, हवा लागू देऊ नका, जुनं होण्याआधी संपवा.

बंद पडल्यावर

आधी टाकीतलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास उन्हापासून दूर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, पेट्रोल गढूळ दिसलं, किंवा वार्निशसारखा आंबट वास आला, तर ते यंत्रात परत घालू नका. त्यावर नवीन ओतून बघू, हा विचार तर करूच नका. शिळं नव्यालाही बिघडवतं.

मग दोरी चार-पाच वेळा ओढून प्लग काढा. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाही: टाकीतला फिल्टर, तडकलेली नळी, मग कार्बोरेटर, या क्रमानं बघा. चोकवर सुरू होऊन चोक काढताच बंद पडत असेल तर जेट बुजलं आहे, हे जवळजवळ नक्की. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. भोक कणभर मोठं झालं तरी यंत्र पुढे धूर काढत राहतं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, रात्रभर भिजू द्या. पंक्चरच्या दुकानातली हवा मारणार असाल तर रबरी पडदा आधी बाजूला काढा.

काढलेलं पेट्रोल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. शेकोटी किंवा पऱ्हाट्या पेटवायलाही नाही: पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या अंगावर आग येते. थर नसलेलं, फक्त थोडं जुनं आणि ऑइल न मिसळलेलं पेट्रोल मोटरसायकलच्या भरलेल्या टाकीत दहाला एक या प्रमाणात खपवता येतं. थर धरलेलं मात्र झाकण लावून, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.