स्पॅनिश भाषकांना इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज कशी शिकवावीत

स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते: सालिर म्हणजे बाहेर जाणे, सुबिर म्हणजे वर जाणे. इंग्रजीत ती क्रियापदाला जोडून येणाऱ्या ‘आउट’, ‘अप’ अशा छोट्या शब्दांत जाते; अशा जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. म्हणून ‘सालिओ कोर्रिएन्दो’चं (तो धावत बाहेर गेला) विद्यार्थ्याकडून ‘ही एग्झिटेड रनिंग’ होतं. हवं असतं ‘ही रॅन आउट’. आधी हीच उलटापालट पक्की करावी. वॉक, रन, क्रॉल यांना इन, आउट, अप, डाउन जोडून तोंडी वाक्यं करून घ्यावीत.

पोस्पोनेर (पुढे ढकलणे), तोलेरार (सहन करणे) हे स्पॅनिश शब्द ओळखीचे असल्यामुळे विद्यार्थी ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’वरच थांबतो. ती चूक नाही, पण घरगुती बोलण्यात जड वाटतं. शेजारी त्याच अर्थाचे ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ लिहावेत. मात्र ‘पुट’ची सगळी रूपं एका दिवशी देऊ नयेत, ती एकमेकांत मिसळतात.

सगळ्यांत चिवट चूक सर्वनामाची. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही: ‘लुक आफ्टर इट’. म्हणून वहीत नुसतं क्रियापद नको. ‘इट’ घातलेलं पूर्ण वाक्यच लिहायला लावावं.