आरोग्य माहिती तंत्रज्ञ व्हायचे असल्यास

रुग्णांच्या नोंदी अचूक, सुरक्षित आणि हव्या तेव्हा सापडतील अशा ठेवणे हे आरोग्य माहिती तंत्रज्ञाचे काम असल्यामुळे, या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने संगणकाच्याही आधी वैद्यकीय परिभाषा आणि शरीररचनाशास्त्र पक्के करावे. त्यानंतर कोडिंग शिकावे, म्हणजेच डॉक्टरांनी नोंदवलेल्या निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील योग्य संकेतांक देण्याचा सराव करावा. या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला ई१०, तर दुसऱ्या प्रकाराला ई११ हा संकेतांक आहे. केसपेपरवर नुसते ‘मधुमेह’ लिहिलेले असेल, तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारावे, कारण विम्याचा दावा, पुढील उपचार आणि रोगांची आकडेवारी त्याच नोंदीवर अवलंबून असते. आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्याने तिचीही ओळख करून घ्यावी.

अभ्यासक्रम निवडताना रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळते का आणि प्रमाणन परीक्षेसाठी तो ग्राह्य आहे का, हे पाहावे. माहितीपत्रकाच्या चकचकीतपणाला फारसा अर्थ नसतो. गोपनीयतेचे नियम तर अंगवळणीच पडले पाहिजेत, इतके की कामाशिवाय ओळखीच्या माणसाचीही फाइल उघडली जाऊ नये. सुरुवातीला नोंदणी किंवा बिलिंग विभागातील काम मिळाले तरी ते जरूर स्वीकारावे.