वकिलीतून एनर्जी कंपनीच्या टॉपवर, आणि मग दानधर्म: हा रूट कसा पकडायचा

एनर्जी कंपनी चालवायची तर इंजिनियर पाहिजे नाहीतर एमबीए, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात फिट्ट असतं. अमेरिकेतल्या किंडर मॉर्गन या पाइपलाइन कंपनीचा संस्थापक रिच किंडर, त्याचं करिअर बघा मग. १९६८ ला मिसुरी युनिव्हर्सिटीतून लॉ, मग आर्मीत वकील म्हणून व्हिएतनाम, मग केप जिरार्डोसारख्या छोट्या गावात प्रॅक्टिस, आणि १९८० ला फ्लोरिडा गॅस ट्रान्समिशनमध्ये नोकरी. मर्जर होत होत ती कंपनी एन्रॉनमध्ये गेली आणि १९९० ते १९९६ हा माणूस एन्रॉनचा प्रेसिडेंट होता, म्हणजे एन्रॉन बुडायच्या पाच वर्षं आधीच बाहेर पडला. तर खालचं सगळं अमेरिकेतल्या सिस्टिमप्रमाणे आहे.

पहिलं म्हणजे काम निवडताना कोर्टातल्या भांडणांपेक्षा काँट्रॅक्ट आणि रेग्युलेशनची कामं पकडा. केस जिंकलात की क्लायंट थँक्यू म्हणून जातो आणि पुन्हा लफडं होईपर्यंत फोन करत नाही, काँट्रॅक्टवाल्या वकिलाला मात्र कंपनी पैसा कसा कमावते ते रोज दिसत असतं. १९८० च्या दशकात गॅस पाइपलाइन कंपन्या टेक-ऑर-पे काँट्रॅक्टमध्ये अडकल्या होत्या, म्हणजे गॅस घ्या किंवा न घ्या पण पैसे द्या, आणि वरून गॅसचे भाव पडले, मागणी पण पडली. ही काँट्रॅक्टं बसून सोडवायला कोण लागलं? वकीलच. मग १९९२ मध्ये फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनची ऑर्डर ६३६ आली आणि पाइपलाइनवाल्यांचा धंदाच बदलला, आधी गॅस विकत घेऊन पुढे विकायचे, आता विक्री वेगळी काढायची आणि पाइपलाइनने फक्त वाहतूक करायची. अशा ऑर्डरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे लोक कंपनीत फार कमी असतात हो, इंजिनियर तर नाहीच वाचत, आणि तिथेच तुमची जागा आहे.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक क्लॉज वाचताना एकच प्रश्न विचारायचा, उद्या परिस्थिती बिघडली तर पैसे कोण भरणार? आंतरराज्य पाइपलाइनच्या फर्म, म्हणजे पक्क्या बुकिंगच्या, काँट्रॅक्टमध्ये रिझर्व्हेशन चार्ज असतो, ग्राहकाने जागा बुक केली की गॅस वाहो न वाहो, भाडं द्यायचंच. टोलनाक्यासारखा धंदा आहे, गाडीत सोनं आहे की भुसा त्याच्याशी नाक्याला घेणंदेणं नाही. हे कळलं की गॅसचे भाव पडल्यावर कोणती कंपनी टिकेल आणि कोणाची वाट लागेल ते काँट्रॅक्टच सांगतं. पण तेवढ्यावर भागत नाही, एक्सेल शिकाच. कंपनीचा वार्षिक रिपोर्ट, ज्याला तिथे फॉर्म १०-के म्हणतात, तो घ्यायचा, रिस्कवाला भाग तुम्हाला वकील म्हणून जमेलच, पण कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख पैसा कुठून आला आणि कुठे गेला त्याचा हिशेब, पण स्वतः मांडून बघायचं. कर्ज किती, कधी फेडायचंय, कोणता काँट्रॅक्ट कधी संपतोय. मीटिंगमध्ये आकडे आले की वकील खाली बघायला लागतो ना, ते बंद झालं पाहिजे.

तिसरं, कंपनीत इन-हाउस, म्हणजे पगारी वकील म्हणून, गेलात की लीगलमध्येच रमू नका. जनरल कौन्सेलची, म्हणजे कंपनीच्या मुख्य वकिलाची, खुर्ची मस्त असते, पगार चांगला, मान चांगला, आणि बरेच जण तिथेच रिटायर होतात. एखादा छोटा युनिट, एखादं टर्मिनल, काहीही चालेल, पण ज्याचा नफा-तोटा तुमच्या नावावर लागेल अशी जबाबदारी मागून घ्या. एक गोष्ट मात्र सांभाळा, बिझनेस रोलमध्ये गेल्यावर तुम्ही दिलेला धंद्याचा सल्ला अटर्नी-क्लायंट प्रिव्हिलेजखाली (वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवायचा हक्क) झाकला जात नाही, त्यामुळे ईमेल लिहिताना आपण आता कोणत्या टोपीत आहोत ते लक्षात ठेवायचं.

चौथं, संधी कुठे शोधायची तर जिथे बाकीच्यांना बोअर होतं तिथे. १९९७ ला किंडर आणि त्याचा लॉ स्कूलचा मित्र बिल मॉर्गन यांनी एन्रॉनकडून एन्रॉन लिक्विड्स पाइपलाइन साधारण ४ कोटी डॉलरला घेतली. तेव्हा एन्रॉनला ट्रेडिंगची झिंग होती, जमिनीत गाडलेले पाइप कोणाला हवे होते. त्यातून किंडर मॉर्गन उभी राहिली, २०१२ ला तिने एल पासो ही दुसरी गॅस पाइपलाइन कंपनी गिळली, आणि किंडर कित्येक वर्षं वर्षाला १ डॉलर पगार घेत होता. यात साधेपणा बिधेपणा शोधू नका, त्याची कमाई शेअर्समध्ये होती. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की पगारावर घासाघीस करण्यापेक्षा मालकीचा हिस्सा मागा.

आता दानधर्म. इथे वकिली डोकं सगळ्यात जास्त कामाला येतं आणि नेमकं इथेच लोक ते घरी ठेवून येतात. किंडर आणि त्याची बायको नॅन्सी यांचं फाउंडेशन ह्यूस्टनच्या पार्कांवर भरपूर खर्च करतं. बफेलो बायू पार्कला त्यांनी ३ कोटी डॉलर दिले, पण नुसता चेक फाडला नाही, पार्क बांधून झाल्यावर दरवर्षीच्या देखभालीचा खर्च डाउनटाउनच्या टॅक्स झोनमधून, म्हणजे त्याच भागातल्या टॅक्सच्या पैशातून, येईल अशी सोय आधी करून घेतली. बायू ग्रीनवेज या ह्यूस्टनच्या ओढ्यांकाठच्या पार्क-रस्त्यांच्या प्रकल्पाला ५ कोटी दिले ते २०१३ मध्ये, त्याआधी २०१२ ला शहरातल्या मतदारांनी १० कोटींचे बाँड मंजूर केले होते. म्हणजे बघा, परत तोच प्रश्न, उद्या पैसे कोण भरणार. फीत कापायला सगळे येतात, गवत कापायला कोणी येत नाही. म्हणून डोनेशन ॲग्रीमेंटमध्ये टप्पे लिहा, प्रत्येक टप्प्याला पैसे सोडा, देखभाल कोणाकडे ते नाव घालून लिहा, आणि काम रखडलं तर उरलेल्या पैशाचं काय तेही लिहा. समोरचा नाराज होईल थोडा, होऊ दे.

कशातून द्यायचं ते पण आधीच ठरवा. प्रायव्हेट फाउंडेशन काढलंत तर कंट्रोल तुमचा, पण साधारण दरवर्षी मालमत्तेच्या ५ टक्के वाटावेच लागतात, रिटर्न भरावे लागतात आणि ते रिटर्न पब्लिकला बघता येतात. एवढा कारभार नको असेल तर डोनर ॲडव्हाइज्ड फंड, म्हणजे दुसऱ्या संस्थेत तुमच्या दानासाठी उघडलेलं खातं, बरा, टॅक्सची सूट पैसे टाकले त्याच वर्षी मिळते, वाटप नंतर सावकाश करता येतं, फक्त तिथे तुम्ही सल्ला देता, शेवटची सही फंडवाल्यांची असते, आणि काही वकिलांना तेवढंच सहन होत नाही.