ट्रक सेल्फ घेतो, पण चालू होत नाही? या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ चावी दाबून धरतो. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. इंजिन फिरतंय म्हणजे सेल्फने त्याचं काम केलंय. दोष दुसरीकडे आहे आणि तो सेल्फ मारत राहिल्याने जाणार नाही. एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये निदान दोन मिनिटं जाऊ द्या. नाहीतर बॅटरी उतरते, सेल्फची वाइंडिंग तापून जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

फिरता फिरता इंजिन धप्प करून अडलं, तर तिथेच थांबा. सिलिंडरमध्ये कूलंट किंवा डिझेल साचलेलं असू शकतं. पाणी काय आणि डिझेल काय, दाबलं जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून बघा.

आता पान्याला हात लावण्याआधी कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाकडे लक्ष ठेवायला सांगा आणि एकदा सेल्फ मारा. धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरट धूर येतोय, तर डिझेल येतंय पण पेटत नाहीये. काळाकुट्ट धूर दिसला तर हवा कमी पडतेय, एअर फिल्टर आणि त्याचा पाइप बघा. एवढ्या एका तपासणीत निम्मी शोधाशोध वाचते, तरी ती करायची राहून जाते आणि थेट फिल्टर बदलायला सुरुवात होते.

पांढरा धूर असेल तर मी आधी बॅटरी बघतो. ‘इंजिन फिरतंय ना, मग बॅटरी ठीक आहे’ हा समज चुकीचा आहे. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन हळू फिरलं की हवा पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटते, उष्णता भिंतींत जिरते आणि डिझेल न जळताच धुरासारखं बाहेर पडतं. २४ व्होल्टच्या गाडीत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. नुसत्या उभ्या गाडीवर मिळून २५ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना ते १९ च्या खाली जात असतील, तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी कच्चं आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एकच मेलेली असते आणि दुसरी तिला ओढत असते. बॅटरी चांगली आणि तरी पांढराच धूर, तर आत जाणारी हवा गरम करणारा हीटर, डिझेलमधलं पाणी आणि कॉम्प्रेशन या क्रमाने जा.

धूरच नसेल, तर टाकीपासून सुरुवात करा. काट्यावर विश्वास ठेवू नका, स्वच्छ काठी बुडवून डिझेल बघा. गाडी उतारावर उभी असेल तर टाकीत डिझेल असूनही ते ओढणाऱ्या नळीच्या तोंडापासून लांब गेलेलं असतं.

मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत शिरलेली हवा. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढीवर चालते, म्हणून तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येईलच असं नाही. हवा आत जाते. ‘कुठेच गळत नाही’ म्हणून ही लाईन निर्दोष ठरत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीच त्रास देणारी आणि दिवसभर व्यवस्थित चालणारी गाडी बहुतेक वेळा हेच सांगत असते: डिझेल रात्रीत टाकीकडे परत सरकलं. हँड प्रायमर (डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप) मारत राहा, तो कडक व्हायला हवा. झाला नाही, तर हवा ओढतोय किंवा प्रायमरचे वॉल्व गेलेत. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फिल्टर बदलल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर जुनं रबर वायसर फिल्टरच्या हेडलाच चिकटून राहिलंय का ते पाहा. माझा स्वतःचा अख्खा अर्धा दिवस एकावर एक बसलेल्या अशा दोन वायसरांनी खाल्ला आहे.

जुन्या मेकॅनिकल पंपावर नोजलच्या पाइपचे नट सैल करून एअर काढायची सवय अनेकांच्या हातात बसली आहे. कॉमन रेलच्या गाडीवर (जिथे सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथे सेल्फवरसुद्धा दाब शेकडो बारचा असतो आणि चालू इंजिनावर भार आला की १००० च्या पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतला भाग सडू लागतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने हॉस्पिटल गाठायचं. कॉमन रेलमध्ये नवा फिल्टर वरून डिझेल ओतूनही भरू नका. न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूला गेलं की त्यातली घाण थेट नोजलपर्यंत जाते. प्रायमरनेच भरा.

जुन्या पंपावर आणखी एक, साधीच गोष्ट: इंजिन बंद करणारी स्टॉप केबल किंवा स्टॉप सोलेनॉइड बंद स्थितीत अडकलंय का? लिव्हर हाताने हलवून बघा.

कॉमन रेलमध्ये स्कॅनर लावून सेल्फ मारताना दोन आकडे बघा. आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. रेल प्रेशर साधारण २००-३०० बारपर्यंत चढलं नाही, तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नोजल उघडतच नाही. अशा वेळी थेट हाय प्रेशर पंप बदलणं ही पैसे वाया घालवायची वाट. आधी टाकीपासून पंपापर्यंतची कमी दाबाची बाजू तपासा, मग प्रत्येक नोजलचं रिटर्न (परत येणारं डिझेल) वेगळ्या बाटलीत घ्या. एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली, तर दाब त्या नोजलमधून निसटतोय. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल, तर हे सगळं करण्याआधी दुसरी चावी लावून बघा.

इंजिन पटकन पेटावं म्हणून हवेच्या पाइपात मारायचा इथरचा स्प्रे मात्र माझ्या हत्यारांच्या पेटीत नाही. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात तो गरम तारेवर पडून मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो, आणि सिलिंडरमध्ये अवेळी पेटला तर पिस्टन फुटतो. ढकलून किंवा ओढून चालू करायचा विचारही सोडा: ब्रेकच्या हवेच्या टाकीत दाब नसेल तर एअर ब्रेकच सुटणार नाहीत, आणि इंजिन बंद असताना स्टेअरिंग दगडासारखं जड असतं.

गाडी चालू झाली की लगेच रेस देऊ नका. काही मिनिटं आयडलवर ठेवा, उरलेली एअर निघू द्या, मग दिवा घेऊन फिल्टर आणि पाइपांचे जोड बघा. आणि एक रात्र उभी ठेवून सकाळी पुन्हा सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात पकडली नाही, तर हवा अजून कुठूनतरी शिरतेय.