न मागितलेल्या सेवेचे पैसे मोबाइलवर कापले जातायत? या चुका टाळा

बॅलन्स थोडा कमी दिसतो किंवा बिल नेहमीपेक्षा जरा जास्त येतं. रक्कम किरकोळ असते, म्हणून आपण म्हणतो, जाऊ दे, नेट जास्त वापरलं गेलं असेल. पहिली चूक इथेच होते. एकदा चालू झालेली सेवा आपणहून थांबत नाही. दर आठवड्याला किंवा दर महिन्याला ती रिन्यू होते, आणि प्रत्येक वेळी कापली जाणारी रक्कम इतकी छोटी असते की तक्रार करायचा कंटाळा यावा. वयस्कर माणसांच्या फोनवर तर अशा सेवा वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण त्यांना वाटतं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. दाबलं गेलंही असेल. पण फोन उघडताना स्क्रीनवर अचानक चौकट आली आणि ती घालवायला ‘ओके’ दाबलं, तर त्याला सेवा मागणं म्हणत नाहीत. तुमची बाजू इथे भक्कम असते, फक्त ती नीट मांडावी लागते.

आधी पैसे कोणी कापले ते शोधा

घाईघाईने कस्टमर केअरला फोन लावून ‘माझे पैसे गेले’ म्हटलं, की पलीकडून ठराविक उत्तर येतं आणि फोन ठेवला जातो. त्याआधी कंपनीचं ॲप किंवा वेबसाइट उघडून आकारणीचा तपशील काढा. प्रीपेडवाल्यांनाही बॅलन्स कापल्याची नोंद पाहता येते किंवा मागता येते, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्यात सेवेचं नाव, तारीख आणि वेळ पाहा.

साधारण चार शक्यता असतात. कॉलर ट्यून, मिस्ड कॉल अलर्ट यांसारखी कंपनीची स्वतःची सेवा. गेम, राशिभविष्य, व्हिडिओ वगैरे पुरवणारी तिसरीच कंपनी, जिचे पैसे तुमच्या मोबाइल कंपनीमार्फत वसूल होतात. ॲप स्टोअरवरचं सबस्क्रिप्शन. आणि शेवटची शक्यता, खरोखरच झालेला वापर: पॅक संपल्यावरचा डेटा, रोमिंग, परदेशी नंबरवर केलेला कॉल. अनोळखी परदेशी नंबरवरून एक रिंग येऊन कॉल तुटतो आणि आपण उलट फोन करतो, ते महागडं बिल याच शेवटच्या प्रकारात मोडतं. हे आधी वेगळं केलं नाही, तर चुकीच्या दारात जाऊन भांडण होतं.

ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे पैसे कापणं थांबतं, असं नाही. स्टोअरमधल्या तुमच्या खात्यात जाऊन सबस्क्रिप्शन वेगळं रद्द करावं लागतं.

‘हे आमचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे’

हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. पैसे तुमच्या मोबाइल खात्यातून गेलेत, तेव्हा आकारणीचा जाब मोबाइल कंपनीलाच विचारायचा. शिवाय वसुलीतला हिस्सा तिलाही मिळतो. अमेरिकेत २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने टी-मोबाइल या मोबाइल कंपनीवर केलेल्या तक्रारीत म्हटलं होतं, की ग्राहकांनी न मागितलेल्या तिसऱ्या कंपन्यांच्या सेवांच्या वसुलीतला ३५ ते ४० टक्के वाटा ती स्वतःकडे ठेवत होती. ते प्रकरण किमान ९ कोटी डॉलरवर मिटलं. त्याच वर्षी एटी अँड टीने अशाच आरोपांवर १०.५ कोटी डॉलरची तडजोड केली. इतक्या मोठ्या कंपन्यांना पैसे परत करावे लागले आहेत, तेव्हा ‘आमचा संबंध नाही’ हे अंतिम उत्तर मानायचं कारण नाही.

नुसती सेवा बंद करून थांबणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सेवा बंद करा म्हटलं की ती बहुतेक वेळा लगेच बंद होते, आपल्याला हायसं वाटतं, आणि आधी गेलेल्या पैशांचा विषय तिथेच मिटतो. म्हणून तीन गोष्टी एकदमच मागायच्या: सेवा बंद करणं, पैसे परत करणं आणि संमतीची नोंद. यातली तिसरी मागणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरा जोर तिच्यातच आहे. तुम्ही सेवा मागितली नव्हती, हे तुम्ही कसं सिद्ध करणार? मागितली होती हे दाखवणं कंपनीचं काम आहे. भारतात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जुलै २०१३ मध्ये यासाठीच दुहेरी खातरजमेचा नियम केला: ग्राहकाने सेवा मागितल्यावर त्याच्याकडून वेगळा दुजोरा मिळाल्याशिवाय आकारणी करायची नाही. ईमेल किंवा ॲपमधून तक्रार साधारण अशी लिहा:

‘माझ्या नंबरवर अमुक तारखेला अमुक नावाची सेवा सुरू करून अमुक रक्कम कापली आहे. ही सेवा मी मागितलेली नाही. ती ताबडतोब बंद करावी, सुरू झाल्यापासून कापलेली सगळी रक्कम परत करावी आणि माझी संमती घेतल्याची नोंद द्यावी. संमती कोणत्या तारखेला, किती वाजता, एसएमएस, कॉल, ॲप की वेबपेज यांपैकी कोणत्या मार्गाने घेतली आणि तिची दुसरी खातरजमा केव्हा झाली, हे कळवावं.’

‘सुरू झाल्यापासून’ हे शब्द गाळू नका, नाहीतर शेवटच्या एका आकारणीपुरताच परतावा हातात पडतो. आणि फोनवर बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

मेसेज पुसून टाकणं, किंवा लगेच उत्तर देणं

‘तुमची सेवा सुरू झाली आहे’ हा मेसेज रागाच्या भरात डिलीट केला जातो. तो ठेवा आणि पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. दुसरीकडे, अनोळखी नंबरला ‘स्टॉप’ लिहून पाठवणं किंवा मेसेजमधली लिंक दाबणं धोक्याचं. सेवा खरोखर चालू आहे हे तपशिलात दिसलं, आणि बंद करण्याचा कोड कंपनीच्या अधिकृत ॲपवर किंवा वेबसाइटवर सापडला, तरच तो वापरा. भारतात अशा सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी सामाईक टोल-फ्री नंबर ठेवलेला आहे.

आणि कृपा करून कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर सर्च करून लावू नका. परतावा मिळवून देतो म्हणणारे भामटे तिथेच टपलेले असतात. परतावा द्यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही आणि तुमच्या फोनची स्क्रीनही कोणाला पाहावी लागत नाही. यातलं काहीही मागितलं तर फोन कापा. आधीच त्रासलेल्या माणसाला पुन्हा लुबाडणं फार सोपं असतं, म्हणून घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा.

फोन बदलला, तरी पैसे जातच राहिले

सेवा हँडसेटवर नसते, नंबरवर असते. त्यामुळे फोन बदलून किंवा रिसेट करून ती बंद होत नाही. पण बंद केलेली सेवा पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर मात्र हँडसेट तपासा.

मोबाइल डेटावर असताना तुमचा नंबर कंपनीला माहीतच असतो, आणि काही पेमेंट पानांना तो आपोआप पुरवला जातो. म्हणून कार्ड किंवा नंबर न टाकता एका टॅपवर सेवा सुरू होऊ शकते. याचाच फायदा ‘जोकर’ नावाच्या मालवेअरसारखी (घातक सॉफ्टवेअर) ॲप्स घेतात. मागच्या मागे पान उघडायचं, आलेला ओटीपी वाचायचा आणि स्वतःच भरून टाकायचा. काही तर त्यासाठी वायफाय बंद करून फोन मोबाइल डेटावर आणतात. अशी १,७०० ॲप्स कोणी डाउनलोड करण्याआधीच प्ले स्टोअरवरून काढल्याचं गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं. अँड्रॉइड फोनमध्ये नोटिफिकेशन वाचण्याची आणि एसएमएसची परवानगी कोणत्या ॲपला दिली आहे, ते सेटिंगमध्ये जाऊन पाहा. वॉलपेपर किंवा कीबोर्डच्या ॲपला मेसेज वाचायची गरज का पडावी? असं ॲप काढून टाका.

रागात बिल अडवणं, नंबर पोर्ट करणं

पोस्टपेड बिल अजिबात न भरल्यास सेवा तुटते आणि थकबाकीदार तुम्ही ठरता. वादग्रस्त रक्कम वगळून बाकीची भरता येते का, हे लेखी विचारा आणि ऑटोपे तेवढ्यापुरता थांबवा. पोर्ट करायचं असेल तर वाद मिटल्यावर करा. जुन्या कंपनीचे ग्राहक असेपर्यंत पाठपुरावा सोपा जातो.

कंपनीने दाद दिली नाही तर वरची पायरी कोणती, हे देशागणिक वेगळं असतं. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेकडे तक्रार नोंदवली आणि तिने ती कंपनीकडे पाठवली, की कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भारतात ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. इथे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, असा क्रम आहे. थेट ट्रायला पत्रं लिहिण्यात आठवडे घालवू नका.

पैसे परत आले की त्याच तक्रारीत आणखी एक मागणी करा: या नंबरवर तिसऱ्या कंपन्यांची आकारणी आणि व्हॅल्यू ॲडेड (कॉलर ट्यूनसारख्या जादा पैशांच्या) सेवा बंद ठेवा. बऱ्याच कंपन्या असं बारिंग करून देतात, पण आपणहून सुचवत नाहीत. अचानक उघडणाऱ्या चौकटीही फोनमधल्या सिम टूलकिट या सिमच्या ॲपच्या मेनूमधून अनेकदा बंद करता येतात. मग पुढच्या रिन्यूअलची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी आकारणीचा तपशील पुन्हा उघडून बघा.